कोलकात्याच्या बँकेतलं इराणचं खातं

२०१९ च्या ऑक्टोबरात नवा गाळप हंगाम तोंडावर आला, तेव्हा देशातल्या गोदामांत सुमारे १४५ लाख टन जुनी साखर पडून होती. आदल्या हंगामात एकट्या महाराष्ट्राने शंभर लाख टनांच्या वर साखर काढली होती. किलोला ३१ रुपये हा किमान विक्री दर सरकारने बांधून दिलेला, पण त्या दराला उचल नव्हती. बँकांकडचं मालतारण कर्ज वाढत होतं आणि शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा दर, थकत होती. केंद्राने साठ लाख टन निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये मदत जाहीर केली आणि कारखान्यांनी बाहेरचं गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. त्या हंगामात भारतीय साखरेचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक ठरला इराण. दहा लाख टनांहून अधिक साखर तिकडे गेली.

हा तोच इराण, ज्याच्याशी व्यवहार करायला जगातल्या मोठ्या बँका तेव्हा धजत नव्हत्या. २०१८ च्या मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी इराणबरोबरच्या २०१५ च्या अणुकरारातून अंग काढून घेतलं होतं आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरपासून इराणच्या तेलावर आणि बँकांवर अमेरिकेचे निर्बंध पुन्हा लागू झाले होते. तेहरानहून मुंबईला डॉलर येण्याचा सरळ रस्ता उरला नव्हता. मग साखरेचे पैसे आले कसे?

ते आले युको बँकेतून. कोलकात्यात मुख्यालय असलेली ही सरकारी बँक या कामाला निवडली गेली, कारण अमेरिकेत तिचं फारसं काही अडकलेलं नव्हतं. २०१२ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हा भारतीय तेल कंपन्या इराणी कच्च्या तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम रुपयांत युकोतल्या इराणी बँकांच्या खात्यांत भरू लागल्या. ते रुपये तिकडे न्यायचे नाहीत, इथेच खर्च करायचे. तेहरानमधला साखर किंवा बासमतीचा आयातदार आपल्या बँकेत रियाल भरी, ती बँक एलसी (पतपत्र) उघडी, इथल्या निर्यातदाराने जहाजाची कागदपत्रं सादर केली की युकोतल्या खात्यातून त्याला रुपये मिळत. तांदूळ, चहा, सोयापेंड, औषधं, साखर, सगळं याच वाटेने गेलं. साऱ्या व्यवहारात डॉलर कुठेच नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या कुठल्या बँकेला त्याची खबर लागण्याचं कारण नाही.

२०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने भारताला दिलेली तेलखरेदीची सवलत संपली आणि भारताने इराणी तेल घेणं बंद केलं. म्हणजे खात्यात भरणा बंद, उचल चालू. आपल्या कारखान्यांची साखर गेली ती या शिल्लकीवर. पुढच्या हंगामात शिल्लक आटली, आणि कालपर्यंत पहिल्या क्रमांकावर असलेलं गिऱ्हाईक जवळपास दिसेनासं झालं. इराणला साखर नको होती अशातला भाग नाही. आपल्यालाही ती विकायची होतीच.

आर्थिक निर्बंधांनी एखाद्या देशाची वाढ खरोखर खुंटते का, या प्रश्नावर अर्थशास्त्रात बरीच शाई खर्ची पडली आहे. मला त्याचं उत्तर शोधताना विकासदराच्या आलेखाआधी हे खातं आठवतं. निर्बंध आले म्हणून व्यापार एका रात्रीत थांबत नाही. तो आडवाटेला लागतो, त्या वाटेवर जागोजागी कोणीतरी आपला हिस्सा काढून घेतो, आणि कधीतरी ती वाटही बुजते.

*

निर्बंध म्हटलं की बंदर अडवून बसलेली लढाऊ जहाजं डोळ्यांपुढे येतात. इराणच्या बाबतीत तसं काही घडलं नाही. बांदर अब्बासहून जहाजं सुटतच होती. खरं काम केलं ते बँकेतल्या आणि विमा कंपनीतल्या कायदा विभागांनी.

१९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस धरले गेले आणि कार्टर सरकारने इराणची सुमारे १२०० कोटी डॉलरची मालमत्ता गोठवली, तेव्हापासून हे प्रकरण चालू आहे. पण पहिली तीसेक वर्षं ते एकट्या अमेरिकेचं भांडण होतं. फ्रेंच, जर्मन, जपानी कंपन्या तेहरानमध्ये सुखाने धंदा करत होत्या. चित्र पालटलं ते २०१० नंतर. इराणच्या अणुकार्यक्रमावरून आलेला संयुक्त राष्ट्रांचा १९२९ क्रमांकाचा ठराव, त्यामागोमाग अमेरिकेचे नवे कायदे, युरोपची तेलबंदी, आणि १७ मार्च २०१२ रोजी ब्रुसेल्सजवळच्या स्विफ्ट या संस्थेने इराणी बँकांना आपल्या यंत्रणेतून वगळणं. स्विफ्ट पैसे पाठवत नाही, पैसे पाठवल्याचे निरोप पोहोचवते. पण निरोपच पोहोचला नाही तर पैसे आले की गेले हे सांगणार कोण?

नव्या कायद्यांनी अमेरिकेने इतर देशांच्या बँकांपुढे एक सोपा प्रश्न ठेवला: इराणशी धंदा करायचा की अमेरिकेशी? ही पोकळ धमकी नाही हे २०१४ मध्ये साऱ्यांना कळलं. सुदान, इराण आणि क्यूबा यांचे व्यवहार दडवून केल्याबद्दल बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला सुमारे ८९० कोटी डॉलरचा दंड झाला. त्यानंतर कुठल्याही बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर 'इराण' लिहिलेला कागद आला की तो बाजूला ठेवणं हेच शहाणपणाचं ठरलं. कायद्याने त्या व्यवहाराला मुभा असली तरीही.

विम्याचंही तसंच. जगातल्या बहुतेक तेलवाहू जहाजांचा दायित्व विमा युरोपातल्या, प्रामुख्याने लंडनमधल्या संघांकडे असतो. २०१२ च्या जुलैपासून त्यांना इराणी तेल नेणाऱ्या जहाजांचा विमा उतरवायला बंदी झाली. भारत सरकारने आपल्या विमा कंपन्यांना जहाजामागे पाच कोटी डॉलरपर्यंतचं संरक्षण द्यायला सांगितलं. नेहमीचं संरक्षण शंभर कोटी डॉलरच्या घरातलं असतं, तेव्हा या रकमेत समुद्रात तेल सांडलं तर काय, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. २०१३ मध्ये तर भानगड जहाजावरून रिफायनरीपर्यंत पोहोचली. इराणी तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा पुनर्विमा करायला युरोपीय कंपन्या तयार होईनात. मंगळूरच्या एमआरपीएलने आणि मुंबईच्या हिंदुस्तान पेट्रोलियमने काही काळ ते तेल घेणंच थांबवलं.

मुंबईच्या नौवहन क्षेत्रातल्या जुन्या मंडळींना इराणो-हिंद हे नाव आठवत असेल. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि इराणची सरकारी जहाज कंपनी यांची ही १९७५ पासूनची भागीदारी, त्यात आपला वाटा ४९ टक्के. २०१० च्या ठरावात तिचं नाव काळ्या यादीत आलं. विमा मिळेना, बंदरं उभं करीनात. २०१३ मध्ये ती मोडीत काढायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अणुबॉम्बशी जिचा दुरूनही संबंध सांगणं कठीण, अशी अडतीस वर्षांची कंपनी अशी गेली.

*

आता इराणमध्ये काय झालं ते पाहू. २०११ मध्ये इराण दिवसाला साधारण पंचवीस लाख पिंपं तेल निर्यात करत होता. दोन वर्षांत हा आकडा निम्म्यावर आला. अर्थव्यवस्था सलग दोन वर्षं आकसली. किती आकसली, याचे आकडे पुढे अनेकदा बदलले गेले, पण उणे चिन्ह कोणी पुसलं नाही.

मला विकासदरापेक्षा मोटारींचा आकडा जास्त बोलका वाटतो. इराण हा मोटारी बनवणारा मोठा देश आहे हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. २०११ मध्ये तिथे सोळा लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. २०१२ मध्ये दहा लाख. २०१३ मध्ये साडेसात लाखांच्याही आत. फ्रेंच पूजोसाठी इराण ही फ्रान्सखालोखाल सर्वांत मोठी बाजारपेठ होती. तिथे सुटे भाग पाठवायचे आणि इराण खोद्रो या तिथल्या कंपनीने ते जोडायचे, असा धंदा. २०१२ मध्ये पूजोने माल पाठवणं थांबवलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या जनरल मोटर्सने पूजोत भागीदारी घेतली होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखं. २०१५ चा अणुकरार झाल्यावर पूजो परतली, २०१८ मध्ये पुन्हा गेली. मधल्या काळात तेहरानच्या रस्त्यांवर धावत राहिली ती १९८०च्या दशकातल्या आराखड्यावर बेतलेली, सायपा या इराणी कंपनीची 'प्राइड'. तिचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं.

आणि रियाल. २०१२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठवड्याभरात त्याची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरली, डॉलरला ३५,००० च्या पुढे गेली. ३ ऑक्टोबरला तेहरानचा बाजार बंद पडला, फिरदौसी रस्त्याच्या परिसरात चलन बदलून देणाऱ्यांवर पोलिसांनी धाडी घातल्या. चलन कोसळलं की सरकारला पहिला गुन्हेगार रस्त्यावरचा सराफ दिसतो, हे जगभर सारखंच. २०१८ मध्ये तर 'नाण्यांचा सुलतान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका व्यापाऱ्याला सोन्याची नाणी साठवल्याबद्दल फाशी दिली गेली. रियाल त्यानंतरही घसरतच राहिला. २०२५ च्या अखेरीपर्यंत तो डॉलरला दहा लाखांच्या पलीकडे गेला होता.

*

इतकं सगळं असूनही 'निर्बंधांमुळे वाढ किती घटली' याचं आकड्यातलं उत्तर देणं भलतंच अवघड आहे. निर्बंध लागतात ते देश बहुधा आधीच कशात तरी बुडालेले असतात: युद्ध, लष्करी बंड, यादवी. त्यांची वाढ निर्बंध नसते तरीही खालावलीच असती. मग घटीतला कोणता हिस्सा कोणाच्या नावावर टाकायचा?

मात्थिआस नोएनकिर्ख आणि फ्लोरियान नोयमायर या दोन जर्मन अर्थतज्ज्ञांनी १९७६ ते २०१२ या काळातल्या निर्बंधग्रस्त देशांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागलेल्या देशाची दरडोई वाढ वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक घटते, परिणाम दहा वर्षं टिकतो आणि एकूण नुकसान दरडोई उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याएवढं होतं, असा त्यांचा निष्कर्ष. एकट्या अमेरिकेच्या निर्बंधांचा फटका याहून बराच कमी. पुढे याच दोघांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर पद्धत बदलून तपासलं, तेव्हा नुकसान खूपच लहान निघालं: पहिल्या दोन वर्षांत तीन टक्क्यांच्या आत. माणसं तीच, विषय तोच, चाळणी बदलली तर धान्य वेगळं पडलं. म्हणून निर्बंधांचे ठाम आकडे फेकणाऱ्या भाषणबाजांपासून, मग ते वॉशिंग्टनचे असोत की तेहरानचे, मी चार हात दूर राहतो.

इराणपुरता मला सर्वांत पटलेला अभ्यास आहे दारिओ लाउदाती आणि हाशेम पेसारान यांचा. पेसारान मूळचे शिराझचे, केंब्रिजमध्ये अनेक वर्षं शिकवलेले, संख्याशास्त्रीय अर्थशास्त्रातलं जगन्मान्य नाव. त्यांच्यापुढची अडचण अशी की इराणवर १९७९ पासून कुठले ना कुठले निर्बंध आहेतच. 'निर्बंधांआधी' आणि 'निर्बंधांनंतर' अशी तुलना करायची कशी? त्यांनी वृत्तपत्रं धरली. प्रमुख इंग्रजी दैनिकांत इराणवरच्या निर्बंधांच्या बातम्या कोणत्या दिवशी किती आल्या, लादल्याच्या किती, उठवल्याच्या किती, हे मोजून त्यांनी निर्बंधांच्या तीव्रतेचा एक चढता-उतरता निर्देशांक बांधला. मग तो चलन, महागाई आणि उत्पादनाशी ताडून पाहिला. १९८९ ते २०१९ या तीस वर्षांत इराणची वाढ सरासरी तीन टक्के होती. निर्बंध नसते तर ती चार ते पाच टक्के राहिली असती, असं त्यांना आढळलं.

एक-दोन टक्के वाचायला किरकोळ वाटतात. पण तीस वर्षं तीन टक्क्यांनी वाढलेली अर्थव्यवस्था साधारण २.४ पट होते, साडेचार टक्क्यांनी वाढलेली ३.७ पट. इराणचं गमावलेलं उत्पन्न या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. २०१२ च्या पडझडीचे फोटो निघाले. या फटीचा फोटो निघत नाही.

लाउदाती-पेसारान यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती निर्बंधांच्या कडव्या विरोधकांनाही फारशी आवडत नाही. तेलाशिवायच्या काही निर्यातीला आणि उच्च तंत्रज्ञानाच्या काही क्षेत्रांना निर्बंधांच्या काळात चालना मिळाली. बाहेरून येत नाही म्हणून घरी बनवलं. आपल्याकडे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले, रशियाकडून क्रायोजेनिक तंत्रज्ञान मिळालं नाही, आणि मग ते इंजिन आपण बनवलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण त्याला वीसेक वर्षं लागली, हेही त्याच दमात सांगावं.

*

इराणच्या सगळ्या दुखण्यांचं खापर निर्बंधांवर फोडणं तिथल्या राज्यकर्त्यांच्या सोयीचं होतं आणि आहे. एका उदाहरणातून ही सरमिसळ नीट दिसते.

२०१० च्या डिसेंबरात, म्हणजे युरोपची तेलबंदी येण्याच्या दीड वर्ष आधी, राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या सरकारने पेट्रोल, वीज, पाव यांवरचं अनुदान कमी केलं आणि बदल्यात प्रत्येक नागरिकाला महिन्याला ४,५५,००० रियाल रोख द्यायला सुरुवात केली. त्या वेळच्या दराने हे त्रेचाळीस-चव्वेचाळीस डॉलर झाले. पाच जणांच्या गरीब कुटुंबाला ही रक्कम मोठीच होती, आणि सुरुवातीला तिने गरिबी कमी केली हे अभ्यासकांनी मान्य केलं आहे. पण पैसे पुरे पडेनात. त्याच जोडीला 'मेहर' गृहयोजनेसाठी मध्यवर्ती बँकेकडून नोटा काढल्या जात होत्या. म्हणजे महागाईचं सरपण घरातच रचून ठेवलेलं होतं, निर्बंधांनी काडी लावली.

रोख मदतीचा आकडा मात्र वर्षानुवर्षं तोच राहिला. २०१२ च्या ऑक्टोबरात त्याच ४,५५,००० रियालची किंमत तेरा डॉलर होती. २०१८ च्या शरदात, डॉलर १,४०,००० रियालला पोहोचला तेव्हा, सव्वातीन डॉलर. मदत बंद केली असं कोणत्याही सरकारला म्हणावं लागलं नाही. २०२२ मध्ये नवी, वाढीव मदत जाहीर झाली आणि तीही त्याच उताराला लागली.

पगारदार, निवृत्तिवेतनधारक, शिक्षक, परिचारिका यांची मिळकत रियालमध्ये. ज्यांच्याकडे घर, जमीन, सोनं किंवा डॉलर होते त्यांची संपत्ती रियालबरोबर बुडाली नाही, कित्येकांची फुगली. विकासदराला यातलं काही दिसत नाही.

औषधांची गोष्ट तर चीड आणणारी आहे. अमेरिकेच्या कायद्यात औषधांना सूट आहे आणि ती दरवेळी ठळक अक्षरांत सांगितली जाते. पण औषधाचे पैसे पाठवणारी बँक कुठून आणायची? त्वचेला नुसता स्पर्श झाला तरी फोड येणारा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णांना लागणाऱ्या खास मलमपट्ट्या बनवणाऱ्या एका स्वीडिश कंपनीने २०१८ नंतर इराणला माल पाठवणं थांबवलं. ह्यूमन राइट्स वॉचने २०१९ च्या अहवालात ही अवस्था तपशिलाने नोंदवली. मुलांच्या जखमांवर साधं कापड चिकटत होतं, आणि कागदोपत्री त्या पट्ट्यांवर कसलीही बंदी नव्हती.

*

निर्बंधांनी कोणाचं भलं झालं, हेही विचारायला हवं. बाबक झंजानी नावाच्या गृहस्थांची गोष्ट इराणमध्ये पोरासोरांना ठाऊक आहे. तेल विकता येत नाही, विकलं तर पैसे आणता येत नाहीत, अशा दिवसांत या तरुण व्यापाऱ्याने मलेशिया, दुबई, ताजिकिस्तान अशा ठिकाणच्या कंपन्या आणि बँकांच्या जाळ्यातून सरकारसाठी तेल विकलं. स्वतःला तो आर्थिक लढाईतला सैनिक म्हणवत असे. पुढे सरकार बदललं, नव्या तेलमंत्र्यांनी हिशेब मागितला, तेव्हा जवळपास २७० कोटी डॉलर सरकारजमा झालेच नव्हते. २०१३ च्या डिसेंबरात अटक, २०१६ मध्ये मृत्युदंड, आणि २०२४ मध्ये ती शिक्षा कमी.

तुर्कस्तानातली वाट आणखी मजेशीर. तिथल्या हाल्कबँकेत इराणी तेलवायूचे पैसे साचत, बाहेर काढता येत नसत. मग रेझा झर्राब या सोनेव्यापाऱ्याने त्या पैशांतून सोनं घेऊन ते इराणकडे, पुढे दुबईमार्गे, पाठवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तुर्कस्तानची इराणला होणारी सोन्याची निर्यात अब्जावधी डॉलरवर गेली. झर्राब २०१६ मध्ये अमेरिकेत पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. गंमत म्हणजे, भारतही युरोमधली आपली तेलाची देणी काही काळ याच हाल्कबँकेतून चुकती करत होता. २०१३ च्या सुरुवातीला ती वाट बंद झाली आणि आपल्या रिफायनऱ्यांकडे इराणची सहाशे कोटी डॉलरहून अधिक थकबाकी साचली. अणुकरारानंतर, २०१६ मध्ये, ती फिटायला लागली.

तिसरी वाट सरकारने स्वतःच आखली. २०१८ च्या एप्रिलमध्ये पहिले उपाध्यक्ष इसहाक जहांगिरी यांनी डॉलरचा सरकारी दर ४२,००० रियाल जाहीर केला. बाजारात तो त्याच वर्षी तिपटीवर गेला. आयातीचा परवाना दाखवून ४२,००० ला डॉलर मिळवायचा आणि माल बाजारभावाने विकायचा, किंवा माल आणायचाच नाही. 'जहांगिरी डॉलर' हा शब्द तिथे वशिल्याच्या कमाईसाठी वापरला जाऊ लागला. आपल्याकडे परवाना राजच्या काळात धंदा केलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

२०२० नंतर इराणची अर्थव्यवस्था पुन्हा वाढू लागली, वर्षाला तीन-चार-पाच टक्क्यांनी. तेल चीनच्या शानतुंग प्रांतातल्या छोट्या खासगी रिफायनऱ्यांकडे जात होतं, बरंचसं समुद्रात जहाज बदलून, मलेशियाचं म्हणून. 'बघा, निर्बंध फसले,' असं म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसा होता. पण हे तेल जातं ते सूट देऊन, दलाली भरून आणि एकाच गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. रशियाच्या बाबतीतही हीच गफलत होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रशियाची अर्थव्यवस्था साडेआठ टक्क्यांनी आकसेल असं भाकीत केलं होतं. ती जेमतेम एक-दोन टक्क्यांनी आकसली आणि पुढल्या वर्षी तीन टक्क्यांहून अधिक वाढली. तेलाचा मोठा वाटा आपणच उचलला, हे वेगळं सांगायला नको. पण कारखान्यात बनलेला रणगाडा राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो, आणि आघाडीवर तो जळाला तर वजा होत नाही.

*

इराणने काय गमावलं हे पाहायचं तर पर्शियन आखाताच्या तळाशी पाहावं. तिथे जगातला सर्वांत मोठा वायूसाठा आहे, सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरचा. त्यातला ३,७०० चौरस किलोमीटर भाग इराणचा, त्याला ते साउथ पार्स म्हणतात. उरलेला कतारचा, त्याचं नाव नॉर्थ फील्ड. खडक एकच, वायू एकच, मध्ये सागरी सीमेची एक रेघ.

कतारने पाश्चात्त्य कंपन्यांचं भांडवल आणि तंत्रज्ञान घेऊन तो वायू थंड करून, द्रव करून, जहाजांत भरून विकला. वर्षाला ७.७ कोटी टन क्षमता उभी केली. गुजरातेतल्या दहेजला २००४ पासून हाच वायू उतरत आला, दीर्घ कराराने, पुढे वर्षाला ७५ लाख टन. इराणकडे वायूचा जगात दुसऱ्या क्रमांकाचा साठा आहे आणि द्रवरूप वायूचं एकही जहाज त्याने आजवर भरून पाठवलेलं नाही. वायू द्रव करण्याचं मोठ्या प्रमाणावरचं तंत्रज्ञान मोजक्या कंपन्यांकडे, आणि त्यात अमेरिकी भाग. भारताने २००५ मध्ये इराणशी वर्षाला पन्नास लाख टनांचा, पंचवीस वर्षांचा करार केला होता. तो कागदावरच राहिला. ओएनजीसी विदेशच्या गटाने २००८ मध्ये फारझाद-बी हे वायूक्षेत्र शोधलं, पुढची बारा-तेरा वर्षं वाटाघाटी चालल्या, आणि २०२१ मध्ये इराणने ते स्वतःच्या कंपनीला देऊन टाकलं. फ्रान्सच्या तोताल कंपनीने २०१७ मध्ये साउथ पार्सच्या अकराव्या टप्प्यासाठी ४८० कोटी डॉलरचा करार केला, वर्षभरात ती निघून गेली. तिची जागा घेणारी चिनी कंपनीही २०१९ मध्ये बाहेर पडली.

२०२४ च्या डिसेंबरात थंडी वाढली तेव्हा तेहरानसह अनेक प्रांतांत इंधन पुरेना म्हणून शाळा आणि सरकारी कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. यात घरगुती वायू जवळपास फुकट वाटण्याचं इराणचं धोरण मोठं दोषी आहे, हे खरं. पण पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच साठ्यातून काय उभं राहिलं ते पाहिल्यावर 'निर्बंधांनी वाढीवर परिणाम होतो का' हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही.

*

एकच निर्बंध दोन देशांना वेगवेगळे झेपतात, याचा नमुना आपल्या घरात आहे. १९९८ च्या ११ आणि १३ मे रोजी पोखरणला चाचण्या झाल्या, २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने उत्तर दिलं. अमेरिकेचा कायदा दोघांनाही तोच लागला, जपानने दोघांचीही मदत रोखली. भारताच्या गंगाजळीत तेव्हा तीस अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम होती. पाकिस्तानकडे सव्वा-दीड अब्जसुद्धा मुश्किलीने. भारताने ऑगस्टमध्ये 'रिसर्जंट इंडिया' रोखे काढून अनिवासी भारतीयांकडून ४२० कोटी डॉलर उभे केले आणि त्या वर्षी वाढ सहा टक्क्यांच्या पुढे राहिली. पाकिस्तानने चाचणीच्याच दिवशी आपल्या नागरिकांची परकीय चलनातली खाती गोठवली, आणि १९९९ च्या जानेवारीत त्याला धनको देशांच्या पॅरिस क्लबकडे कर्जफेडीची मुदत वाढवून मागावी लागली. स्वतःच्या बँकेवरचा ठेवीदारांचा विश्वास एकदा गेला तो सावरायला पाकिस्तानला वर्षं लागली. तो घाव निर्बंधांचा म्हणायचा की इस्लामाबादचा?

आणि निर्बंध घालणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसला की काय होतं, तेही त्याच उन्हाळ्यात दिसलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हाचं पाकिस्तान हे मोठं गिऱ्हाईक होतं. गव्हाची निविदा तोंडावर आली, शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि जुलैच्या मध्याला शेतमालाची सवलत देणारा कायदा सहीनिशी तयार झाला. पाकिस्तानच्या अणुचाचणीला दोन महिनेही झाले नव्हते.

इराणच्या मागे अशी ओरड करणारा कोणी नाही. त्याच्याकडून कोणालाच फारसं काही घ्यायचं नसेल, अशी तजवीज चार दशकं होत आली आहे. ज्या अणुकार्यक्रमासाठी हे सगळं चाललं, त्याचा हिशेब असा: २०१५ च्या कराराखाली इराण युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करत होता. ट्रम्प यांच्या 'कमाल दबावा'च्या तीन वर्षांनंतर, २०२१ च्या एप्रिलमध्ये, तो ६० टक्क्यांवर पोहोचला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत आले.

आपला उरलासुरला धागा इराणमधल्या चाबहार बंदराचा. २०१६ च्या मे महिन्यात पंतप्रधानांच्या उपस्थितीत तेहरानमध्ये नितीन गडकरींच्या खात्याने त्या बंदराचा करार केला. बंदर चालवणारी कंपनी उभी राहिली ती न्हावाशेवा आणि कांडला या दोन बंदरांच्या भागीदारीतून. २०१८ मध्ये अमेरिकेने चाबहारला निर्बंधांतून स्वच्छ सूट दिली होती, लेखी. तरीही तिथे बसवायला क्रेन मिळेनात. कंपन्या निविदेकडे फिरकत नव्हत्या, फिरकल्या तर बँकेची हमी मिळत नव्हती. पहिल्या फिरत्या क्रेन बंदरात पोहोचायला २०२१ साल उजाडलं, आणि तोवर अफगाणिस्तान, ज्याच्यापर्यंत माल पोहोचवण्यासाठी हा सारा खटाटोप होता, तालिबानच्या हाती जायला काहीच महिने उरले होते.